सासूबाईंचं अर्थिंग

माझ्या सासूबाईंना विजेची भीती वाटत नसे. पाल दिसली की त्या कॉटवर चढून बसत आणि घर डोक्यावर घेत, पण उघड्या स्विचबोर्डात हात घालताना त्यांच्या कपाळावर आठीही पडत नसे. मी लग्न होऊन आले आणि थोड्याच दिवसांत एका दुपारी फ्यूज उडाला. घरात दोन वायरमन, सासरे आणि माझा नवरा, पण दोघंही कामावर. मी मेणबत्ती शोधायला लागले. सासूबाईंनी पदर खोचला, मेन स्विच खाली ओढला, फ्यूज उपसला आणि तारेचं एक टोक दातात धरून नवी तार गुंडाळली. मग माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "फ्यूज म्हणजे काय गं?"

"तो पांढरा, चिनी मातीचा."

"ती झाली डबी. फ्यूज म्हणजे आतली तार. जास्त करंट ओढला गेला की ती आधी जळते, म्हणून बाकीचं घर जळत नाही. लोकांना सारखी बदलायचा कंटाळा येतो, मग जाड तार घालतात. तार वाचते आणि घर जातं."

मी मान हलवली. माहेरी आमच्याकडे जाड तारच होती, हे मी त्यांना सांगितलं नाही. नव्या सुनेनं माहेरचं सगळंच काय म्हणून सांगायचं?

त्या वायरमन कशा झाल्या, ते ऐकण्यासारखं आहे. सासऱ्यांनी काम सुरू केलं तेव्हा हाताखाली माणूस ठेवण्याची ऐपत नव्हती. शिडी धरायला कोणीतरी हवं, म्हणून नवी नवरी गेली बरोबर. शिडी धरता धरता पक्कड द्यायला शिकली, पक्कड देता देता वायर सोलायला. आमच्या घरांची ही सगळी ओळ त्या दोघांनी मिळून वायर केली. लोक सासऱ्यांना वायरमन म्हणत आणि यांना वायरमनीण. लायसन्स एकाचंच होतं, पण चूक झाली की बोलणी दोघांना बसत.

त्यामुळे बाईंची भाषाच तशी होऊन गेली होती. शेजारच्या एका घराबद्दल म्हणायच्या, "तिथं सासू फेज, सून न्यूट्रल, आणि नवरा नुसता होल्डर. स्वतः काही करत नाही, दिवा लटकवून घेतो." मी घरी शाळेचे गणवेश शिवते. माझ्या मशीनला मोटर बसवली त्या दिवशी त्यांनी मला तीन वायरी हातात धरायला लावून शिकवल्या. लाल म्हणजे फेज, करंट घेऊन येणारी. काळी म्हणजे न्यूट्रल, तो परत नेणारी.

"आणि ही हिरवी?"

"ते अर्थिंग. मशीनच्या लोखंडापासून निघतं आणि जमिनीत जातं. त्याच्यातून काही जायलाच नको. मशीनच्या आत कुठं वायर सोलली गेली, करंट लोखंडात उतरला, तर तो तुझ्या हातातून जाण्याऐवजी या वाटेनं खाली जातो. करंटला जमीन हवी असते. तू वाट ठेवली नाहीस, तर तो तुझ्यातून वाट काढतो."

हे त्या असं सांगत की करंट म्हणजे कोणी ओळखीतला माणूस आहे. मला तेव्हा हसू आलं होतं. आता येत नाही.

आमच्या ओळीची घरं एकमेकांना चिकटून आहेत आणि मागच्या बाजूला प्रत्येकाची मोरी. मागच्या भिंतीवरून एकच लोखंडी पाइप सगळ्या घरांतून जातो, आणि प्रत्येक मोरीत त्याला एक नळ. पुढे हा पाइप जमिनीत शिरून रस्त्याखालच्या मोठ्या नळाला मिळायचा. सासऱ्यांनी सगळ्या घरांचं अर्थिंग या पाइपलाच क्लँप लावून जोडलं होतं. त्या काळी सगळेच तसं करत. रस्त्याच्या पोटात लांबवर गेलेलं लोखंड, याच्यापेक्षा भक्कम अर्थिंग कुठलं? सासऱ्यांना त्याचा अभिमान होता. ते म्हणायचे, माझ्या ओळीत कोणाला मुंगीएवढा झटका बसला तर मी पक्कड टाकून देईन. आणि खरंच, ते असेपर्यंत कोणाला बसला नाही.

सासरे गेले ते विजेनं नव्हे, साध्या तापानं. ताप चढला, छातीत उतरला, आणि माणूस संपला. त्याच दिवसांत रस्ता खणायला घेतला होता, नवीन नळ टाकत होते. भेटायला येणाऱ्या माणसांना फळ्यांवरून खड्डा ओलांडून यावं लागत होतं. मला त्यातलं एवढंच आठवतं की चपलांचा चिखल घरभर झाला होता आणि तो पुसायला मी एकटीच होते.

त्यानंतर काही दिवसांनी सासूबाई मोरीतून बाहेर आल्या. संध्याकाळची वेळ होती, दिवे लावायची. मी मशीनवर होते. त्या दारात उभ्या राहिल्या, उजवा हात डाव्या हातात धरून, आणि अगदी साधेपणानं म्हणाल्या, "ते आले होते."

मी विचारलं, "कोण आलं होतं?"

"हात धुवायला आले होते. मी नळाला हात लावला आणि त्यांनी धरला."

एकटी राहिलेली बाई असं काही बोलते, आपण ऐकून घ्यावं, असं मला वाटलं. मी चहा टाकला. दुसऱ्या दिवशी दुपारी मी नळाला हात लावला, काहीच नाही. संध्याकाळी लावला, आणि बोटांच्या टोकांना काहीतरी झोंबलं. टोचणं म्हणावं तर टोचणं नाही, मुंग्या म्हणाव्यात तर मुंग्या नाहीत. मी हात झटकून मागे झाले. मोरीत कोणी नव्हतं, नळाखाली बादली होती, आणि संध्याकाळचा उजेड मातकट झाला होता.

सासऱ्यांच्या बोटांत जन्मभर तांब्याच्या तारांची कुसळं रुतलेली असत. सुईनं काढली तरी एखादं राहायचंच. कामावरून आले की ते थेट मागच्या नळावर जायचे, हात धुवायचे, आणि तिथंच सासूबाईंच्या हातातून पंचा घेताना त्यांचं मनगट क्षणभर धरायचे. हे मी येता-जाता पाहिलेलं होतं, पाहून न पाहिल्यासारखं केलेलं होतं. सासूबाई म्हणाल्या, "असंच टोचायचं बघ."

मी वैतागून म्हणाले, "आई, त्याला शॉक म्हणतात."

"मला माहीत आहे शॉक कशाला म्हणतात."

आमच्याच घरात असतं तर गोष्ट वेगळी, पण हळूहळू सगळ्या ओळीतून ऐकू यायला लागलं. संध्याकाळी नळ चावतो. भांडं घासताना झोंबतं. एका घरातला फ्रिज, एका घरातलं लोखंडी कपाट. भिंतीपलीकडे लाँड्री आहे, तिथल्या बाई अंगणात येऊन हळू आवाजात मला म्हणाल्या, "वायरमन अजून फेरी मारतात गं. आपली ओळ त्यांनी पोरासारखी सांभाळली ना, जीव अडकला असेल." मी म्हणाले, जीव अडकायला आमच्या घरात जागा कमी होती की काय, लोकांच्या फ्रिजमध्ये जायला? त्या दुखावल्या. मलाही बोलून बरं वाटलं नाही. सगळा दिवस नाही आणि बरोबर सांजेलाच, त्यांच्या घरी यायच्या वेळेला, याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

नवऱ्याला सांगितलं. तो बापाचाच चेला, भुताबितावर हसणारा. रविवारी सांजेला त्यानं टेस्टर घेतला. टेस्टर म्हणजे तो स्क्रू ड्रायव्हर, ज्याच्या मुठीत बारीकसा दिवा असतो, करंट असला की लाल दिसतो. नळाला लावला, दिवा लागला. "कुठलं तरी लीकेज आहे," तो म्हणाला, "आत्ता काढतो." पहिलं मशीन सोडवलं, मग पंखा, मग फ्रिज, मग एकेक दिवा. दिवा मुठीत लागलेलाच. शेवटी तो म्हणाला, "मेन बंद करतो. मग तर काही राहायला नको."

त्यानं मेन स्विच खाली ओढला. पंखा फिरत फिरत थांबला. सगळं घर अंधारं आणि गप्प झालं. आम्ही तिघं मोरीत उभे होतो, आणि त्यानं टेस्टर पुन्हा नळाला लावला. दिवा लागला. त्या अंधारात तो आणखीनच लाल दिसत होता. घरात वीजच नव्हती, तरी नळात होती.

माझ्या नवऱ्याला मी आजारी पाहिलं आहे, रडताना पाहिलं आहे, पण घाबरलेला तेव्हाच पहिल्यांदा पाहिला. सासूबाई मात्र समजूत घालावी तशा म्हणाल्या, "तुझ्या मेन स्विचनं ते कसे थांबतील रे? घरातली तार न् तार त्यांनी ओढलीय." आणि त्याच्या देखत त्यांनी नळाला हात लावला. डोळे मिटले. हाताला कंप सुटला होता, कोपरापर्यंत. मी त्यांचा पदर धरून ओढलं तेव्हा कुठं त्या बाजूला झाल्या.

त्या दिवसापासून मला एकच भीती लागली. बाई या नळावर मरणार. दररोज सांजेला त्या अनवाणी, ओल्या फरशीवर, लाकडी स्टूल घेऊन जायच्या. वाट बघत बसायच्या, मग उठून हात लावायच्या. आधी बोटं लावायच्या, नंतर तळवा लावायला लागल्या. बाहेर आल्या की सांगायच्या, आज हात गार होता, आज जोरात धरला, आज बराच वेळ सोडला नाही. जोर वाढतच होता. मला एकटीला तो आकडा नसलेला मीटर चढताना दिसत होता. मी रबरी चपला आणून मोरीच्या दारात ठेवल्या. त्यांनी त्या उचलून कॉटखाली सरकवल्या. मी भांडले. त्या ऐकून घेत आणि सांजेला पुन्हा स्टूल उचलत.

माझ्या नवऱ्याचा मला त्या दिवसांत फार राग आला. त्यानं घरातलं वायरिंग भिंत फोडून तपासलं. बोर्ड उघडले, जोड सोडवले, वायरी बदलल्या. एका गोष्टीला मात्र हात लावला नाही. मी म्हणाले, "अहो, अर्थिंग एकदा बघा ना." तर म्हणाला, "अर्थिंग बाबांनी स्वतः केलंय." जसं काही तेवढ्यानं ते तपासलं गेलं. वर म्हणतो, "त्यात चूक निघायची नाही." मेलेल्या माणसाच्या कामात चूक काढायची म्हणजे त्याला पुन्हा एकदा मारण्यासारखं वाटत असेल त्याला. पण मला तर जिवंत माणसाची पडली होती. आणि खरं सांगायचं तर, तोही हळूहळू संध्याकाळी घरी उशिरा यायला लागला होता. घराच्या दारात उभा राहून आधी मोरीकडे बघायचा आणि मग चपला काढायचा. अर्धा तोही मानायला लागला होता.

हे सुटलं ते रस्त्यामुळे. लाँड्रीसमोर नळ फुटला आणि खड्डा पुन्हा उघडला. नवरा कामावरून येत होता, तो बघायला वाकला. मी दारातून त्याला पाहिलं. वाकला आणि तसाच राहिला. मग खड्ड्याच्या काठावर बसला, भर रस्त्यात. मी धावत गेले. तो बोटानं दाखवत होता. खड्ड्यात काळा पाइप होता. प्लॅस्टिकचा.

मला कळायला क्षण लागला, त्याला लागला नव्हता. रस्त्याखालचं लोखंड काढून थेट आमच्या भिंतीपर्यंत प्लॅस्टिक टाकलं होतं. प्लॅस्टिकमधून करंट जात नाही. म्हणजे आमच्या भिंतीवरचा लोखंडी पाइप आता जमिनीला लागलेलाच नव्हता. सगळ्या ओळीचं अर्थिंग हवेत लटकत होतं. कुठल्या तरी एका घरातलं एखादं यंत्र आतून सोललं गेलं होतं, त्यातला करंट हिरव्या वायरनं पाइपात उतरत होता, पण खाली जायला वाट नाही म्हणून प्रत्येकाच्या नळावर येऊन उभा राहत होता. आमचा मेन बंद केला तरी पाइप दुसऱ्यांच्या घरांना जोडलेलाच. फ्यूज जळेल एवढा करंट कुठून जातच नव्हता, मग फ्यूज तरी का जळावा?

"बाबांची चूक नव्हती," मी म्हणाले. ते त्याला ऐकायला हवं होतं. तो बसल्या बसल्या रडला.

आम्ही घरात गेलो. सासूबाई स्टुलावर बसल्या होत्या, सांज व्हायची होती. नवऱ्यानं त्यांच्या समोर बसून सगळं सांगितलं, लहान मुलाला सांगावं तसं हळू. पाइप बदललाय, प्लॅस्टिकचा आहे, अर्थिंग राहिलेलं नाही.

"माहीत आहे," त्या म्हणाल्या.

"काय माहीत आहे?"

"पाइप टाकत होते तेव्हा मी खिडकीतून बघत होते. काळे पाइप उतरवले त्यांनी टेंपोतून. तेव्हाच कळलं, ओळीचं अर्थिंग गेलं."

भिंतीपलीकडून लाँड्रीची वाफ सुटल्याचा आवाज आला. नवरा म्हणाला, "आणि तू बोलली नाहीस?"

"अर्थिंग गेलं म्हणून तर ते आले ना." त्या आमच्याकडे अशा बघत होत्या की इतकी सोपी गोष्ट या दोघांना कशी कळत नाही. "नाहीतर त्यांना वाट कुठून मिळाली असती? ते सरळ जमिनीत गेले असते."

भोळी बाई भुताला भुलली असती तर मी समजू शकले असते. ही बाई सगळं जाणून होती. फेज जाणून होती, न्यूट्रल जाणून होती, कुठल्या वाटेनं काय येतं ते तिला माझ्या नवऱ्यापेक्षा आधी कळलं होतं. आणि ते येत असलेलं जे काही होतं, त्याला ती नवरा म्हणत होती. तिच्या मनात या दोन गोष्टींचं भांडण नव्हतंच. मला भीती वाटली, आणि तेवढाच राग आला, आणि तो मी लपवला नाही. मी म्हणाले, "ओळीत सगळ्यांच्या घरी माणसं आहेत, आई. सगळे त्याच पाइपाला हात लावतात."

दुसऱ्याच दिवशी नवऱ्यानं कामाला सुट्टी टाकली आणि मोरीमागच्या मोकळ्या जमिनीच्या पट्टीत खड्डा खणला. अर्थिंगचा खड्डा खोल लागतो, खालची ओल लागेपर्यंत. त्यात लोखंडी नळी उभी केली, भोवती कोळसा आणि मीठ यांचे थर दिले, पाणी सोडलं, माती लोटली. मीठ आणि कोळसा ओल धरून ठेवतात, म्हणजे करंट सुखानं जमिनीत जातो. हे मला समजत होतं, तरी खड्डा भरताना आम्ही दोघं बोलत नव्हतो. शेजारचे भिंतीवरून बघत होते आणि तेही बोलत नव्हते. सासूबाई दारात उभ्या होत्या. फावड्यानं शेवटची माती दाबली तेव्हा त्या तोंड फिरवून आत गेल्या. खड्ड्यातून निघालेली जाड तार नवऱ्यानं पाइपाच्या क्लँपला नटनं आवळली.

सांजेला टेस्टर नळाला लावला. दिवा लागला नाही. सासूबाईंनी हात लावला, तसाच ठेवला. पाणी आलं, बादली भरली, ओसंडायला लागली, तरी ठेवला. मग पदराला हात पुसून त्या कॉटवर जाऊन पडल्या. जेवल्या नाहीत.

ओळीतले लोक खूश झाले. लाँड्रीवाल्या बाई म्हणाल्या, जाऊ दिलंत त्यांना, बरं केलंत. पण गळणारं यंत्र सापडायचं होतं. नवऱ्यानं ओळीच्या दुसऱ्या टोकापासून एकेक घर तपासायला घेतलं. लाँड्रीवाला म्हणाला, माझ्या इस्त्रीच्या बॉयलरला आत्ता हात लावू नका, गिऱ्हाइकांचे कपडे अडकलेत, सवडीनं या. अर्थिंग झालंय म्हणून घाई नव्हती. आम्ही सगळे पुन्हा नळ बिनधास्त वापरायला लागलो. मला वाटलं, बाई आता वाचली.

ती मात्र वाळत चालली होती. मी बोलायचे, ती हूं म्हणायची. सांज झाली की उठून स्टुलाकडे बघायची आणि परत बसायची. मला वाटायचं, जाईल काही दिवसांनी. दुःखाला वेळ द्यावा लागतो असं आपण म्हणतो, आणि मशीनवर जाऊन बसतो.

त्या संध्याकाळी मी मशीनला तेल दिलं होतं. हात काळे झाले होते. सासूबाई घरात दिसत नव्हत्या, मागे असतील म्हणून मी मोरीत गेले. हाताला साबण लावला, चांगला फेस केला, आणि नळ सोडायला हात घातला.

मला कोणीतरी धरलं.

मला खोटं लिहिता येत नाही. मला ठाऊक आहे की करंट हातातून जाताना बोटांचे स्नायू आपोआप आवळतात, आणि माणूस नळाला स्वतःच घट्ट धरून ठेवतो. ते मी स्वतःच होते. पण तिथं, त्या क्षणी, ती दुसऱ्याची बोटं होती. माझ्या बोटांवरून आली, मनगट वेढलं, आणि दंडापर्यंत चढली. टोचत होती. मी सोडायला बघत होते आणि तो हात सोडत नव्हता. ओरडायला तोंड उघडलं, आवाज घशातच राहिला. दिसत सगळं होतं. भिंतीच्या झरोक्यातून मागची पट्टी दिसत होती, क्लँपवरून सुटून खाली लोंबणारी जाड तार दिसत होती. नट काढलेला होता. मला कळलं की हे कोणासाठी काढून ठेवलंय, आणि मी चुकून मध्ये आले आहे.

दारात सासूबाई आल्या. हातात स्टूल, त्यांच्या नेहमीच्या वेळेला, नेहमीच्या भेटीला. मला बघून क्षणभर थांबल्या. दुसरी कोणी असती तर धावत येऊन मला मिठी मारली असती आणि माझ्यासारखीच चिकटली असती. त्या ओल्या फरशीवर आल्याच नाहीत. उंबऱ्यावर कोरड्या जागी उभ्या राहिल्या, लाकडी स्टूल दोन्ही हातांनी उचललं आणि माझ्या कोपरावर घातलं. सगळ्या ताकदीनं घातलं. हात सुटला, मी भिंतीवर आपटून खाली बसले. श्वास परत आला तो रडण्यासारखा आवाज करत आला.

मला वाटलं त्या माझ्याकडे येतील. त्या नळाकडे बघत होत्या.

"तिला धरलंत?" त्या म्हणाल्या.

आवाज चढा नव्हता. इतकी वर्षं संसार केलेली बाई पाहुणे उठून गेल्यावर नवऱ्याशी बोलते, तसा खालच्या पट्टीतला होता.

"मला न्यायला आला असतात तर मी आले असते. मीच उघडून ठेवलं होतं. पण पोरीला धरलंत. तुम्हाला माझा हात ओळखू येत नाही?"

नळ टपकत होता. मी भिंतीला टेकून ऐकत होते, आणि देवाशपथ, मी उत्तराची वाट बघत होते.

"म्हणजे तुम्ही नाहीच," त्या स्वतःशी म्हणाल्या. मग स्टूल खाली ठेवत, "असलात तरी आता यायचं नाही."

त्या वळल्या आणि भिंतीवर मूठ आपटून मोठ्यानं म्हणाल्या, "भाऊ, बॉयलर बंद करा. आत्ताच्या आत्ता. त्याचं एलिमेंट गळतंय, सांजेला तुम्ही तो लावला की सगळ्या ओळीचा नळ चावतो. मुलगा उद्या येऊन बदलेल, तोवर लावायचा नाही." पलीकडे लाँड्रीवाला काहीतरी पुटपुटला, मग खटका पडल्याचा आवाज आला आणि वाफेची घरघर हळूहळू थांबली. माझा नवरा घरोघर ज्याला शोधत फिरत होता, तेही त्यांना माहीत होतं.

त्यांनी कोनाड्यातला टेस्टर घेतला, नळाला लावला, डोळे मुठीजवळ नेऊन नीट बघितलं. दिवा लागला नव्हता. मग कमरेला खोचलेला पाना काढला, मागच्या पट्टीत गेल्या, लोंबती तार उचलून क्लँपमध्ये बसवली आणि नट आवळायला लागल्या. मी झरोक्यातून बघत होते. नट बसला तरी त्या आवळत होत्या, सगळं अंग पान्यावर टाकून, हात पांढरे पडेपर्यंत. सासरे गेले त्या दिवशी सगळी ओळ रडली होती आणि या बाई खिडकीत बसून रस्त्यावरचे पाइप बघत राहिल्या होत्या. आता पाना हातातून खाली ठेवला, तारेशेजारी मातीतच बसल्या, आणि रडल्या.